नंबर कुणाचा, खातं कुणाचं

शाळेत उभा जन्म गेलेल्या माणसाला हजेरीची वही लागतेच. मुलीच्या नोकरीमुळे पुणं सोडून दिल्लीत आले आणि मालवीय नगरलगतच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये अफगाण निर्वासित बायकांना हिंदी शिकवायला जाऊ लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी वही आखली. नाव, मुलं किती, गल्ली कुठली, फोन नंबर. 2024 चा पावसाळा होता. एका सकाळी गल्लीत पाणी तुंबलं, म्हणून आज वर्ग नाही असं कळवायला वहीतले नंबर फिरवत बसले. पहिल्या नंबरवर एक गृहस्थ बोलले, ते घरमालक निघाले. दुसरा बंद. तिसरा एका नानच्या बेकरीत वाजला. आणखी एका नंबरवरची बाई माझ्या वर्गातली नव्हतीच. ‘वो पीछे वाली गली में रहती है, बता दूँगी,’ म्हणाली. फोन जवळपास प्रत्येकीच्या हातात पाहिलेला होता. स्वतःच्या नावावरचा नंबर मात्र बहुतेकींकडे नव्हता.

मला काही उलगडेना. आपल्याकडे सिमकार्ड रस्त्यावरच्या छत्रीखाली मिळतं. आधार दाखवायचं, फोटो काढायचा, बोट टेकवायचं, चहा पिऊन होईस्तोवर नंबर चालू. त्यासाठी कुणाला अडताना मी पाहिलेलंच नव्हतं. वर्ग भरतो त्या केंद्रात व्यवस्था बघणाऱ्या मुलीला विचारलं, तर तिने शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, परदेशी माणसाला सिम घ्यायचं तर पासपोर्ट आणि चालू व्हिसा लागतो. व्हिसा जितका, तितकंच सिम. यांचे व्हिसा कधीच संपले.’ मग यांच्याकडे आहे तरी काय? ‘यूएनएचसीआरचं कार्ड,’ ती म्हणाली.

ते कार्ड मी पुढे अनेकदा हातात घेतलं. आपल्या वाहन परवान्याएवढं. फोटो, नाव, जन्मतारीख, देश, क्रमांक, मुदत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या दिल्लीतल्या कार्यालयाने दिलेलं. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. त्यामुळे अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून दिल्लीत आलेल्या माणसांची नोंद आणि पडताळणी हे कार्यालय करतं, आणि सरकार ते करू देतं. आधी अर्ज विचाराधीन असल्याचा कागद मिळतो. मग मुलाखत. कुठल्या गावचे, वडील काय करत, कुणी धमकावलं, कधी, कसं निसटलात, वाटेत कोण भेटलं; पुनःपुन्हा, तपशिलात. कुणाची मुलाखत लवकर होते, कुणाला वर्षं लागतात. सगळं खरं वाटलं तर कार्ड. माझं आधार निघालं तेव्हा मला याच्या शतांशही कुणी विचारलं नव्हतं. तरी माझ्या कार्डाने प्रत्येक काउंटर उघडतो आणि यांच्या कार्डापुढे बंद होतो. इथेच माझी मती पहिल्यांदा गुंग झाली, आणि ती अजून पुरती ताळ्यावर आलेली नाही.

वर्गातली एक बाई शिवणकाम करते. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते नको आहे. 2018 मध्ये सासऱ्यांच्या उपचारासाठी वैद्यकीय व्हिसावर ती कुटुंबासह दिल्लीत आली. काबूलहून त्या काळात असे पुष्कळ लोक येत. सासरे गेले, इकडे नवऱ्याला घरून निरोप आला की परतू नका, आणि मग 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर परतण्याचा विषयच संपला. ती माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलते, पण ते हिंदी दर महिन्याला सुधारतं आहे. ती एका बुटिकसाठी भरतकाम आणि शिलाई करते. बुटिकवाली पैसे रोखीत देत नाही, खात्यातच टाकते. म्हणून मजुरी एका ओळखीच्या माणसाच्या खात्यात जायची आणि तो हजारामागे शंभर कापून उरलेले हातात ठेवायचा. कधी आठवड्याने, कधी पंधरा दिवसांनी. हिशेब मागायची सोय नव्हती. पैसे त्याच्या नावावर आले, म्हणजे कागदोपत्री ते त्याचेच.

‘टीचरजी, तुम्ही बरोबर आलात तर बँकेत माझं ऐकतील,’ ती म्हणाली. मी म्हटलं, चल.

जाण्याआधी तिच्या घरी आम्ही सगळे कागद जमिनीवर मांडले. वेलदोड्याचा हिरवा चहा पुढ्यात आला. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिचा तजकिरा काढला. तजकिरा म्हणजे अफगाणिस्तानातलं ओळखपत्र. जुना, कागदी, घडीवर झिजलेला, कोपऱ्यात लहानपणीचा फोटो. नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. आडनावाची जागाच नाही. जन्मतारीखही नाही. तिच्या जागी लिहिलेलं की 1385 साली हिचं वय पंधरा वर्षं. हे त्यांचं सौर हिजरी साल, वसंतातल्या नवरोजला सुरू होणारं. 1385 मधून पंधरा वजा केले की 1370, आणि 1370 म्हणजे आपल्या मार्च 1991 पासून मार्च 1992 पर्यंतचा काळ. यातली तिची तारीख कुठली? तिलाही ठाऊक नाही. ‘बर्फ होता, असं आई सांगायची.’ पासपोर्टवर मात्र अख्खी तारीख छापलेली, कारण छापावीच लागते. पासपोर्टवर वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसलेलं. निर्वासित कार्डावर स्पेलिंग निराळं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावाचं तिसरंच. दरी भाषेत लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे रोमन लिपीत उतरवणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. तीन कागद, तीन बायका. खरी बाई एकच, माझ्यासमोर चहा ओतत बसलेली.

बँकेतला माणूस चांगला होता, हे आधी सांगते. त्याने आम्हाला बसवलं, कार्ड नीट उलटंपालटं करून पाहिलं आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. ओळखीचा पुरावा निवडायच्या यादीत पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेली हीच यादी. त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. निर्वासित कार्ड त्यात नाही. पासपोर्ट आहे, पण मुदत संपलेला. ‘तुमच्या दूतावासातून नवा करून घ्या, नाहीतर निदान पत्र आणा,’ तो म्हणाला. दिल्लीतला अफगाण दूतावास कायमचा बंद केल्याचं नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर झालेलं होतं. मुंबई आणि हैदराबादला वाणिज्य दूतावास होते. पण ज्या राजवटीच्या भीतीने घर सोडलं, तिच्याच हातात उद्या जाऊ शकणाऱ्या कचेरीत आपलं नाव-पत्ता कोण नेऊन देईल? आपल्या देशाच्या सरकारचा आसरा ज्याला घेता येत नाही, तो निर्वासित. त्यालाच त्या सरकारचं पत्र आणायला सांगणं अन्यायाचं आहे, मग सांगणारा कितीही सौजन्याने सांगो.

‘आणि आधार?’ मी विचारलं. आधार कायद्यात नागरिकत्वाची अट नाही, एवढं मला माहीत होतं. अर्जाआधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेल्या माणसाला ते मिळू शकतं. ती तर कितीतरी वर्षं इथे आहे. केंद्रातल्या मुलीने पुढचा घोळ समजावला. परदेशी माणसाच्या आधारसाठी त्याचं इथलं राहणं वैध असल्याचा कागद लागतो, म्हणजे पुन्हा व्हिसा. 2011 च्या सरकारी कार्यपद्धतीप्रमाणे निर्वासिताला दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो, आणि तो मिळाला की खाजगी नोकरी आणि शिक्षणाच्या वाटा मोकळ्या होतात. पण देणं न देणं सरकारच्या मर्जीवर. माझ्या वर्गात असा व्हिसा कुणाकडेच नव्हता.

त्या रात्री माझी मुलगी आणि मी रिझर्व्ह बँकेचे नियम उघडून बसलो. मी आयुष्यात असले नियम वाचलेले नव्हते. त्यात आम्हाला एक कलम सापडलं, आणि ते बँकेतल्या एकानेही आम्हाला सांगितलेलं नव्हतं. ज्याच्याकडे यादीतला कुठलाच कागद नाही, अशा व्यक्तीसाठी ‘छोटं खातं’. स्वतः सही केलेला फोटो द्यायचा, बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा, आणि अधिकाऱ्याने आपल्यासमोर झालं असं प्रमाणित करायचं. वर्षाला 1 लाखाहून जास्त जमा होऊ नये, महिन्याला 10 हजारांहून जास्त निघू नयेत, शिल्लक कधीही 50 हजारांच्या वर जाऊ नये. मुदत 12 महिने. नियमात शब्द ‘व्यक्ती’ असा आहे. नागरिक असा नाही.

छापील पान घेऊन आम्ही पुन्हा गेलो. अधिकाऱ्याने वाचलं, वरच्या कचेरीला विचारतो म्हणाला, आणि वरून नकार आला. परदेशी व्यक्तीचं असं खातं आमच्याकडे उघडत नाहीत, एवढंच कारण. मला राग आला, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीतीही मी पाहिली होती. उद्या काही निघालं तर सही त्याची असणार. नियमात मुभा आहे, पण मुभा वापरणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे नियमात लिहिलेलं नाही. पुढे दुसऱ्या एका बँकेच्या शाखेत बाई व्यवस्थापक होत्या. त्यांनी कलम वाचलं, निर्वासित कार्डाची प्रत सोबत जोडून घेतली, तिला समोर बसवून सही घेतली आणि खातं उघडलं. त्यांना असं काही विशेष केल्यासारखं वाटलंच नाही. पासबुकावर स्वतःचं नाव पाहून ती काही बोलली नाही. पासबुक मुलाच्या हातात दिलं आणि त्याला मोठ्याने वाचायला लावलं.

खातं झालं, पण त्याच्या भिंती लवकरच लागल्या. लग्नसराईत तिचं काम महिन्याला तेरा-चौदा हजारांवर जातं, निघतात दहा. जर्मनीतला भाऊ मुलांच्या फीसाठी पैसे पाठवायला तयार आहे, पण ओळख पूर्ण सिद्ध होईपर्यंत छोट्या खात्यात परदेशातून पैसे येऊ शकत नाहीत. आणि सर्वांत मोठं म्हणजे मुदत. बारा महिन्यांनंतर पुढचे बारा महिने हवे असतील, तर यादीतल्या एखाद्या कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा द्यायचा. हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आज ना उद्या आधार काढणारा भारतीय गरीब माणूस होता. जिला अर्जच करता येत नाही, ती बाई त्याच्या डोळ्यांपुढे नव्हती.

खात्याच्या अर्जावर मोबाईल नंबरचा रकाना होताच. तिथे येऊन आम्ही अडखळलो. तिच्या फोनमधलं सिम शेजारणीच्या नावावर आहे. बँकेचे संदेश, ओटीपी, सगळं त्या नंबरवर जाणार; आणि शेजारणीने उद्या दुकानात जाऊन दुसरं सिम मागितलं, तर कंपनी ते तिलाच देणार, कारण नंबर तिचा. शेजारीण भली आहे. पण दिल्लीत भाडेकरू दर वर्षी घर बदलतात, आणि कंपनीने फेरपडताळणी मागितली की नंबर बंद पडतो. माझा नंबर द्यावा असं मनात आलं. मग विचार केला, हजारामागे शंभर कापणाऱ्याच्या जागी मी येणार. कापणार नाही इतकंच. तिचे पैसे तरी माझ्या फोनवर अवलंबून राहणारच. शेवटी शेजारणीचाच नंबर लिहिला.

या नंबराला बँकेपेक्षाही मोठं काम आहे, हे मला फार उशिरा कळलं. मुलाखतीची तारीख, कार्डाचं नूतनीकरण, तिसऱ्या देशात जाण्याची संधी, हे सगळं यूएनएचसीआर फोन करून कळवतं. वर्गातल्या एकीचं सिम असंच मूळ मालकाबरोबर गेलं. नवा नंबर तिने कचेरीत जाऊन कळवला, पण मधल्या दिवसांत आपल्याला फोन येऊन गेला असेल का, या शंकेने ती कित्येक रात्री झोपली नाही. बायका झोपताना फोन उशाशी ठेवतात. यात दुसऱ्याच्या नावावरचं सिम वापरणाऱ्याला आता कायद्याची भीतीही आहे. फसवणूक किंवा तोतयेगिरी करून सिम घेतलं, तर 2023 च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड आहे. हा कायदा सायबर भामट्यांसाठी आहे आणि तो हवाच. पण सरळ दाराने सिम मिळायची सोय ज्यांना ठेवलेलीच नाही, त्यांना तो कुठल्या दारात उभं करतो?

या सगळ्यात मला पुण्यातले तिबेटी स्वेटरवाले आठवले. थंडी आली की ते येतात, मी त्यांच्याकडून मुलीच्या लहानपणापासून स्वेटर घेत आले. हे लोकही निर्वासित, हे माहीत असून कधी जाणवलं नव्हतं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. त्यांना भारत सरकार स्वतः नोंदणीपत्र देतं. ठरलेल्या मुदतीने ते नवं करून घ्यावं लागतं, त्यातही जाच आहे, पण कागद सरकारी असल्यामुळे काउंटरवरचा माणूस तो ओळखतो. तमिळनाडूतल्या छावण्यांतल्या श्रीलंकन तमिळांनाही सरकारी ओळखपत्र आहे. म्हणजे परक्या देशातून आलेल्याला कागद देणं आपल्या व्यवस्थेला जमतच नाही, असं नाही. देश तोच, काउंटर तेच. फरक पडतो तो कागदावर शिक्का कुणाचा आहे याने.

याहून जुना दाखलाही आहे. पहिल्या महायुद्धानंतर रशियातून लाखो माणसं देशोधडीला लागली, त्यांच्या हाती कुठल्याच देशाचा पासपोर्ट उरला नाही. 1922 मध्ये नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी एक ओळखपत्र निघालं. नान्सेन पासपोर्ट म्हणून ते ओळखलं गेलं. तोही एक कागदच होता. पुढे पन्नासेक देशांनी तो मानायचं कबूल केलं, म्हणून त्याच्या जोरावर माणसं सीमा ओलांडू शकली, काम मिळवू शकली. करार करणाऱ्या देशांवर 1951 च्या कराराने 27 व्या कलमात हेच बंधन घातलं: ज्याच्याकडे वैध प्रवासी कागद नाही, त्या निर्वासिताला ओळखपत्र द्या. आणि आजच्या जर्मनीत 2016 पासून कायद्याने आश्रयार्थ्यालाही साधं खातं उघडून मिळण्याचा हक्क आहे.

बँका एवढी काळजी का घेतात, हे मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. काळा पैसा, दहशतवादाला जाणारा पैसा, हे धोके खरे आहेत. पण ज्या बाईची मजुरी भलत्याच माणसाच्या खात्यातून फिरते, तिच्या पैशाचा माग कुणाला लागणार आहे? जिचा फोन शेजारणीच्या नावावर चालतो, तिच्याबद्दल पोलिसांना काय कळणार? तिच्या नावाचं खातं आणि तिच्या नावाचं सिम असेल, तर उलट सगळं उजेडात येतं. सुरक्षेसाठी म्हणून जे दार लावून घेतलं आहे, त्याने सुरक्षा वाढत नाही असं माझं स्पष्ट मत झालं आहे. रिझर्व्ह बँकेच्या यादीत आणि दूरसंचार विभागाच्या यादीत एक ओळ वाढवली, की पडताळणी झालेलं निर्वासित कार्ड चालेल, तर हा गुंता बराचसा सुटेल.

ती ओळ येईल तेव्हा येईल. तोवर माझं सांगणं बँकेत काम करणाऱ्या वाचकांना आहे, आणि मराठी घरांतून बँकेत गेलेली माणसं थोडीथोडकी नाहीत. तुमच्यासमोर एखादा माणूस असं कार्ड घेऊन बसला, तर ‘यादीत नाही’ म्हणण्याआधी छोट्या खात्याचं कलम काढून वाचा. शंका असेल तर कार्ड देणाऱ्या कार्यालयाकडून खातरजमा करून घ्या. त्याला त्याच्या दूतावासात पाठवू नका. नकार द्यावाच लागला तर तो लेखी द्या, म्हणजे त्याला तो घेऊन पुढे कुठेतरी जाता येईल. आणि आपल्या वरिष्ठांना विचारा की बारा महिने संपल्यावर या माणसाने कुठल्या कागदासाठी अर्ज करायचा. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या खात्याची मुदत आता संपत आली आहे, आणि हा प्रश्न आम्ही ज्याला ज्याला विचारला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.